हलकी नव्हे, सौम्य म्हणा

मी लिहिलेला एकच शब्द आजवर छापून आला आणि तो खोटा होता. पत्र्याच्या पाट्यांवर तो छापला गेला, चिपळूणपासून राजापूरपर्यंतच्या परमिट रूममध्ये भिंतींवर लागला आणि लोकांनी तो निवांत बसून घोटाघोटाने वाचला. संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा’ असं कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत, पण बाकीच्या सांगायला माझी जीभ वळत नाही. म्हणून त्या शब्दाचंच सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका घाऊक विक्रेत्याकडे बिअरचा सेल्समन होतो. लग्नकार्यात कोणी विचारलं तर माझी बायको ‘ते कंपनीत आहेत’ एवढंच सांगायची. कसली कंपनी हे विचारायच्या आत पान पुढे करायची. माझ्याकडे एक स्कूटर होती, एक रेक्झिनची बॅग होती आणि मराठी विषय घेऊन मिळवलेली बी. ए.ची पदवी होती. त्या पदवीचा धंद्यात काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. झाला नसता तर बरं झालं असतं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून दोन गोष्टी सांगतो. दारूची जाहिरात करायला कायद्याने बंदी. वर्तमानपत्रात नाही, रस्त्यावर नाही. मग जाहिरात कुठे करायची? परमिट रूमच्या आत. भिंतीवरची पाटी, ट्रे, कॅलेंडर, ग्लासाखालचा गोल पुठ्ठा, वेटरच्या खिशावरचं चित्र. जो आधीच आत येऊन बसलाय त्यालाच पटवायचं की तू आलास ते उत्तम केलंस. दुसरी गोष्ट, आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि त्या परवान्यावर आरोग्य राखण्यासाठी तो दिलाय असं छापलेलं असतं. म्हणजे आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं तेच मुळी तब्येत सुधारायला. कंपन्यांनी पुढचं पाऊल टाकलं तर नवल काय?

त्या वर्षी शिमग्याच्या आधी मुंबईहून प्रधान नावाचे एरिया मॅनेजर आले. दादरला वाढलेले, गोरे, बोलायला गोड, रुमालाला अत्तर. एका लॉजच्या हॉलमध्ये आम्हा पाच-सहा सेल्समनना बसवून त्यांनी टेबलावर नवी बाटली ठेवली. आकार तोच, काच तीच, झाकण तेच. लेबल मात्र पांढरं नि निळं, आणि त्यावर इंग्रजीत ‘लाईट’.

“हिनं वजन वाढत नाही,” प्रधान म्हणाले. “डोकं जड होत नाही. पोट सुटत नाही. सकाळी माणूस ताजातवाना उठतो. दारू म्हणूच नका, बार्लीचं पाणी म्हणा.”

मी विचारलं, “साहेब, हिच्यातून काढलंय काय?”

“जडपणा काढलाय.”

जडपणा बाटलीतून काढून कुठे ठेवतात हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नोकरीला लागून मला सात वर्षं झाली होती. कुठे थांबायचं ते कळत होतं.

मग त्यांनी पाटीचा इंग्रजी मजकूर काढला. कोकणात इंग्रजी पाटी कोण वाचणार, तर मराठी हवी. शेजारी बसलेल्या आमच्या मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ‘लाईट’साठी ‘हलकी’ लिहिलं. प्रधानांनी नाक मुरडलं.

“हलकी म्हणजे हलक्या प्रतीची वाटते हो. हलकी नव्हे, दुसरं काहीतरी म्हणा.”

मी थोडा विचार केला आणि म्हणालो, “सौम्य.”

प्रधानांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. “सौम्य. वा. औषधासारखं वाटतं.”

खाली आणखी एक ओळ त्यांनीच सुचवली. ‘शरीराला जपणारी.’ त्यातलं शुद्धलेखन मी तपासून दिलं. बक्षीस म्हणून मला कंपनीचं नाव असलेला थर्मास मिळाला. मी तो आनंदाने घरी नेला, हेही लिहून ठेवतो.

जाताना प्रधानांनी आणखी एक कानमंत्र दिला. मूतखड्याला बिअर चांगली, असं लोकांत बोललं जातं. ते आपण कुठे छापायचं नाही. कोणी विचारलं तर फक्त हसायचं आणि ‘असं म्हणतात खरं’ एवढंच म्हणायचं. कोकणात मूतखड्याला तोटा नाही, त्यामुळे मी त्या उन्हाळ्यात पुष्कळ हसलो. चिपळूणच्या एका डॉक्टरांकडे मी स्वतःच्या दुखण्यासाठी गेलो तेव्हा सहज हा विषय काढला. ते प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता म्हणाले, “खडा बाहेर पडतो तो पाण्यामुळे. विहिरीचं पाणी पी. त्याला परवाना लागत नाही.”

सौम्य धो धो खपली. चाकरमानी मे महिन्यात आले, त्यांनी उचलली. एक बँकेतले अधिकारी होते, आधी एका बाटलीवर उठायचे. ते आता तीन प्यायला लागले. मला म्हणाले, “नागवेकर, तीन सौम्य म्हणजे एक साधी, हिशेब तोच.” एका हेडमास्तरांनी आयुष्यात कधी परमिट रूमची पायरी चढली नव्हती. ते पाटीवरचा मजकूर कोणाकडून तरी ऐकून चढले. बायकोला त्यांनी बार्लीचं सरबत पितो म्हणून सांगितलं होतं. आणि मजा म्हणजे ही बिअर चवीला काहीच नव्हती. प्रधान सांगायचे, अगदी बर्फासारखी थंड करूनच द्या. थंडगार केलं की जिभेला चव कळत नाही. त्या बाटलीतल्या ऐवजावर इतकं प्रामाणिक भाष्य त्यांच्याकडून दुसरं झालं नाही.

आता शिवलकरांकडे येतो.

मांडवीला भाटकर म्हणून एकाची परमिट रूम होती, समुद्राच्या बाजूला खिडक्या असलेली. मी तिथे पाटी ठोकायला गेलो होतो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. एका टेबलाशी दोघे खलाशी बसले होते. एकाच्या पुढे रम, दुसऱ्याच्या पुढे नुसता सोडा. सोडावाले गजानन शिवलकर. मालवाहू जहाजावर सुकाणी होते, म्हणजे कप्तान सांगेल त्या दिशेला जहाजाचं चाक धरून ठेवणारे. पंचेचाळिशीचे, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. मांडवीचेच, त्यामुळे तोंडओळख होती. दर खेपेला जहाजावर चढण्याआधी मुंबईला कंपनीचा डॉक्टर खलाशांना तपासतो. तीन वर्षांपूर्वी त्यांचं लिव्हर सुजलेलं निघालं होतं. डॉक्टरने बजावलं होतं की पुन्हा असं दिसलं तर जहाज विसर. त्या दिवसापासून माणसाने थेंबाला हात लावला नव्हता. मित्रांत बसायचे, सोडा प्यायचे आणि उठायचे. तीन वर्षं. हे किती अवघड असतं ते माझ्यासारख्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

मी शेवटचा खिळा ठोकला. शिवलकरांनी पाटी मोठ्याने वाचली. “सौम्य. शरीराला जपणारी.” मग मला विचारलं, “काय ओ नागवेकर, लिवरला चालते ही?”

“सौम्य आहे. लिहिलंय ना,” मी म्हणालो.

“पण दारू नाय ना?”

भाटकर काउंटरवरून माझ्याकडे बघत होते. शिवलकरांचा मित्र बघत होता. पहिल्या दिवशी पाटीखाली पहिली बाटली उघडली गेली असती तर भाटकरांनी लगेच चार पेट्या सांगितल्या असत्या.

“तसं म्हटलं तर नाहीच,” मी म्हणालो. “बार्लीचं पाणी आहे.”

शिवलकरांनी सोड्याचा ग्लास बाजूला केला.

पुढचे दोन महिने मी आठवड्यातून एकदा भाटकरांकडे जात होतो आणि दर वेळी शिवलकर तिथे दिसत होते. आधी एक बाटली, मग दोन, मग चार. मला बघून ग्लास वर करायचे नि म्हणायचे, “शरीराला जपतोय.” मी हसायचो. भाटकर म्हणायचे, तुमच्या सौम्यचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मला ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

जूनच्या शेवटी शिवलकरांना मुंबईहून बोलावणं आलं. ते ट्रंक घेऊन गेले आणि आठ दिवसांनी ट्रंक घेऊन परत आले. मला हे कळलं ते त्यांच्या बायकोकडून, सुलभावहिनींकडून.

आमचं गोदाम स्टँडच्या मागे होतं. एका दुपारी मी पेट्या मोजून घेत होतो तेव्हा सुलभावहिनी आल्या. बाहेर पाऊस होता. छत्री मिटून त्यांनी दाराशी टेकवली, कापडी पिशवीतून दोन रिकाम्या बाटल्या काढल्या आणि पेटीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक आमची साधी, एक सौम्य.

“कंपनीच्या डाक्तरान नापास केलान त्यांना,” त्या म्हणाल्या. “आता जहाज नाय.”

मी काहीतरी पुटपुटलो.

“मी सातवी शिकलंय. इंग्रजी येत नाय, पण आकडा वाचता येतो. ह्या बाटलीवर हा आकडा हाय. ह्या दुसरीवर पण तोच हाय. हा कसला आकडा?”

लेबलावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. मद्यार्क अमुक टक्क्यांहून जास्त नाही. दोन्ही लेबलांवर तीच ओळ, तोच आकडा. ‘जास्त नाही’ यातच सगळी मेख आहे. आत किती आहे हे त्यात सांगितलेलंच नसतं. कशाच्या वर नाही एवढंच सांगितलेलं असतं. मी पाच महिने त्या बाटल्या विकत होतो. दोन्ही लेबलं शेजारी शेजारी धरून बघावीत असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

“आत दारू किती असते, त्याचा आकडा,” मी म्हणालो.

“म्हणजे दोन्हीत सारखी?”

“असेलच असं नाही. पण... असू शकते.”

“मग सौम्य काय हाय?”

मी दोन्ही बाटल्या फिरवून लेबलं पुन्हा वाचली. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

“ती पाटी तुमी लिवलीत असं भाटकर बोलला. खरं?”

“हो.”

“मग घरी या आणि त्यांना सांगा. ते अजून पितायत. म्हणतात, माझं लिवर जहाजावरच्या जेवणानं बिघडलं. पाटीवर छापलेलं हाय, ते खोटं कसं असेल? माझं ऐकत नायत. लिवणाऱ्याचं ऐकतील.”

त्या गेल्या. बाटल्या तिथेच राहिल्या.

मी लगेच गेलो नाही. आधी खात्री करून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हिंमत होत नव्हती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे अभ्यंकर सर माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे मी दोन्ही प्रकारच्या भरलेल्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या. त्यांनी शनिवारी प्रयोगशाळेत दोन्ही बिअर वेगवेगळ्या उकळून वाफ थंड केली आणि जो पातळ पदार्थ जमला तो पाण्याशी तोलून बघितला. सर जन्मात दारू न प्यायलेले. नाकाला रुमाल लावून त्यांनी मला समजावलं.

“हे पाण्यापेक्षा जितकं हलकं भरेल तितकी त्यात दारू जास्त. कळलं का? शास्त्रात हलकं म्हणजे जास्त दारू.”

“आणि या दोघींत काय निघालं?”

“रंग सोडला तर काही फरक नाही. पांढऱ्या लेबलाच्या बाटलीत दारू किंचित कमी निघाली. पण तेवढी चूक माझ्या तराजूचीही असू शकते.” मग चष्मा पुसत म्हणाले, “तुम्ही सांगितलीत ती पाटी कोणी लिहिली हो? शब्द चांगला निवडलाय.”

दुसऱ्या दिवशी मी शिवलकरांकडे गेलो. मांडवीचं त्यांचं घर चिऱ्याचं, पुढे तुळस, ओट्यावर बाक. शिवलकर बाकावर बसले होते. खांदे तसेच होते, पण डोळे पिवळट दिसत होते. वहिनी दारात उभ्या राहिल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आकडा एकच आहे, सरांनी तपासलं, सौम्य म्हणून काही नसतं, तुम्ही तीन महिने बिअरच पीत होतात.

शिवलकरांनी तोंड समुद्राकडे फिरवलं.

“मी तुमाला विचारलंवतं,” ते म्हणाले. “दारू नाय ना, म्हणून.”

“हो.”

“मग तसं का बोललात?”

“मला तसं सांगायला सांगितलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “मला पण कप्तान सांगतो. डावीकडे बोलला की मी डावीकडे चाक फिरवतो. पण समोर खडक दिसला तर मी बोलतो ओ. तेवढ्यासाठीच डोळे उघडे ठेवून उभा असतो.”

वहिनींनी चहा विचारला नाही. मी निघालो.

प्रधान दिवाळीच्या आधी पुन्हा आले. त्याच लॉजमध्ये, त्याच हॉलमध्ये. मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, सरांनी काय काढलं ते सांगितलं आणि शिवलकरांचंही सांगितलं, नाव न घेता. बाकीचे सेल्समन नखं बघत बसले.

प्रधानांना राग आला नाही. अशा लोकांना राग येत नाही, तेच त्यांचं भांडवल. “अहो, सौम्य म्हणजे चवीला सौम्य,” ते म्हणाले. “चव सौम्य आहे की नाही? आहे. झालं तर.”

“आणि शरीराला जपणारी?”

“जपणारी म्हटलंय. बरं करणारी कुठे म्हटलंय? तुम्ही मराठीचे ना?”

“लोक त्याचा अर्थ काय घेतात, साहेब?”

“ते लोकांचं बघतील.” मग त्यांनी बॅग बंद केली आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाले, “आणि नागवेकर, इंग्रजीत आम्ही फक्त लाईट म्हणतो. सौम्य हा शब्द तुमचा. कागदावर तुमचं अक्षर आहे.”

हे मात्र खरं होतं. सगळ्या बैठकीत तेवढंच खरं होतं.

मी काही क्रांती केली नाही. ग्राहकांच्या तक्रारींचा कायदा त्याच सुमारास आला होता असं म्हणतात, पण दारूच्या बाटलीबद्दल तक्रार घेऊन रत्नागिरीत कोण उभं राहणार होतं? हेडमास्तर? मी एवढंच केलं. एनॅमल पेंटचा एक डबा घेतला, ब्रश घेतला आणि स्कूटरवरून एकेक परमिट रूम गाठली. पाट्या काढायला कोणी देईना. भाटकर म्हणाले, “पाटी नको काढू, तिच्यामागे भिंतीला ओल आलीय, ती दिसेल.” मग मी खुर्चीवर चढलो आणि गिऱ्हाइकांच्या देखत ‘सौम्य’वर आणि खालच्या ओळीवर काळा रंग फासला. राहिलं ते फक्त बाटलीचं चित्र. एकाने खालून विचारलं, “काय ओ, नाव बदललं काय?” मी म्हणालो, “नाव खोटं होतं.” तो म्हणाला, “बरं,” आणि त्याने आणखी एक मागवली. तीच.

पेंट सहा ठिकाणी लागेपर्यंत मुंबईला कळलं. मालक भला माणूस. मला काढून टाकलं नाही, बिअरवरून हलवून सोड्यावर टाकलं. तो सोडा कंपनीच काढायची, बिअरचंच नाव, बिअरचंच चित्र. सोड्याची जाहिरात करायला बंदी नाही ना, म्हणून. रस्त्यारस्त्यावर त्या सोड्याच्या पाट्या लागल्या आणि बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की ही पाटी कशाची आहे. माझ्या जागी आलेल्या सेल्समनने भाटकरांकडे नवी पाटी लावली. तिच्यावर शब्द होता, ‘नैसर्गिक’. म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

शिवलकरांची दारू मी सांगायला गेलो त्या दिवशी सुटली नाही. सुटायला वर्षभर लागलं आणि ती वहिनींनी सोडवली. त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही, मी विचारायच्या लायकीचा नव्हतो. पुढच्या वर्षी ते पुन्हा मुंबईला तपासणीला गेले आणि पुन्हा नापास झाले. त्यानंतर त्यांनी जहाजाचं नाव काढलं नाही. सगळ्या जगाची बंदरं बघितलेला माणूस जयगडच्या खाडीतल्या लाँचवर लागला. ह्या काठावरून त्या काठावर, दिवसातून कितीतरी वेळा.

मी सोड्याच्या कामाला पलीकडे जायचो तेव्हा त्याच लाँचने जायचो. ते मला ओळखायचे, पण बोलायचे नाहीत. मी मागे माशांच्या टोपल्यांशेजारी उभा राहायचो. पुढे चाकाजवळ एक फळी होती, ओळखीच्या माणसाला ते तिथे बसवायचे. असं दोन वर्षं चाललं.

एकदा लाँचवर फारसं कोणी नव्हतं. मध्यावर आल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, “काय विकता आता?”

“सोडा.”

“नाव?”

मी नाव सांगितलं. बिअरचंच ते.

“आत काय असतं?”

“पाणी आणि गॅस. दुसरं काही नाही. तब्येतीला चांगला नाही, वाईट नाही. ढेकर येतो, एवढंच.”

लाटेला लाँच जरा कलली, ती त्यांनी सरळ केली. मग पायाने त्या फळीवरचा दोरखंड बाजूला सारला.

“बसा,” ते म्हणाले.